दादा, लॅपटॉप कुठला घेऊ? पंच कार्डांपासून सोळा जीबीपर्यंतची गोष्ट

आजचा भाग घरातूनच सुरू करतो. परवा रात्री कराडहून मामांचा फोन आला. मामेबहिणीला कॉम्प्युटर सायन्सला अ‍ॅडमिशन मिळालीय. अभिनंदन वगैरे झालं आणि मामा मुद्द्यावर आले.

"अरे, उसाचं बिल जमा झालंय. दुकानदार म्हणतोय ९२ हजारांचा गेमिंग लॅपटॉप घ्या, कॉम्प्युटरच्या पोरांना तोच लागतो. तू त्याच लाइनीतला आहेस. सांग, घेऊ का?"

मागून तिचा आवाज आला, "दादा, त्यात ग्राफिक्स कार्ड आहे, एआयला लागतं म्हणे!"

मी म्हटलं, "मामा, मला दोन दिवस द्या. एवढ्यात पैसे भरू नका."

दोन दिवस मागायचं कारण म्हणजे दहा वर्षांपूर्वी याच प्रश्नावर मी स्वतः फसलो होतो. तो किस्सा पुढे येईलच. पण त्या दोन दिवसांत मी यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघितले नाहीत, इतिहास वाचला. आणि खरं सांगतो, उत्तर तिथंच मिळालं.

चला, १९६३ मध्ये जाऊ. त्या वर्षी आयआयटी कानपूरमध्ये आयबीएम १६२० नावाचं मशीन आलं आणि आपल्याकडे विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर शिकवायला खऱ्या अर्थाने सुरुवात झाली. त्या काळी प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे आधी कागदावर लिहायचा, मग जाड कागदाच्या कार्डांवर भोकं पाडून पंच करायचा. एका ओळीला एक कार्ड. तो गठ्ठा मशीनमध्ये घालायचा आणि उत्तराची वाट बघायची. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा कार्ड पंच करा, पुन्हा नंबर लावा. हे लक्षात ठेवा. डोकं भरपूर होतं, पण मशीनसमोर मिळणारा वेळ मोजका होता.

हाच त्रास अमेरिकेत डार्टमथ कॉलेजमधल्या जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांना दिसत होता. १९६४ मध्ये त्यांनी टाइम-शेअरिंग सुरू केलं. मशीन एकच, पण त्याला जोडलेली टर्मिनल अनेक. पोरं एकाच वेळी बसायची आणि प्रत्येकाला वाटायचं की मशीन आपलंच आहे. सोबत एक सोपी भाषाही बनवली, बेसिक. इंजिनिअरिंगच्याच नाही, इतर विषयांच्या मुलांनीही प्रोग्रॅम लिहायला घेतले. मशीन काही जादूने हुशार झालं नव्हतं. फक्त चूक केली की लगेच कळत होतं आणि लगेच सुधारता येत होती.

आता १९७२. झेरॉक्स कंपनीच्या पार्क नावाच्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के नावाचा माणूस एक लेख लिहितो. विषय: सगळ्या वयाच्या मुलांसाठी पर्सनल कॉम्प्युटर. नाव दिलं डायनाबुक. ते मशीन तेव्हा बनवणं शक्यच नव्हतं, पण अटी बघा. वहीएवढा आकार, वजन ४ पाउंडांच्या आत, म्हणजे साधारण १.८ किलो, आणि किंमत ५०० डॉलरच्या आसपास. मोठे कॉम्प्युटर अजून खोलीच्या खोली व्यापत होते, तेव्हा हा माणूस वजनाची अट घालत होता! कारण त्याला माहीत होतं की जे मूल मशीन सोबत नेऊ शकत नाही, ते ते रोज वापरणार नाही.

मग बाजारात खऱ्या अर्थाने यशस्वी झालेलं पहिलं पोर्टेबल कसं होतं? १९८१ मध्ये ऑस्बोर्न १ आला. वजन जवळपास ११ किलो. दिसायला हँडल लावलेलं शिवणयंत्र. स्क्रीन ५ इंचांची, म्हणजे तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय त्याहून लहान. मेमरी ६४ केबी. बॅटरी नाही, प्लग शोधा. तरी १,७९५ डॉलरला तो धडाधड खपला, कारण सोबत लिहिण्याचं, हिशोबाचं आणि बेसिकचं सॉफ्टवेअर आतच मिळत होतं.

या कंपनीचा मालक अ‍ॅडम ऑस्बोर्न याचं आपल्या देशाशी नातं आहे बरं का. त्याचं बालपण तमिळनाडूत गेलं आणि २००३ मध्ये त्याचं निधन झालं तेही कोडाईकनालला. त्याच्या कंपनीचा शेवट मात्र प्रसिद्ध आहे. १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची चर्चा वेळेआधीच सुरू झाली, लोक म्हणाले थांबू या, आणि जुन्या मॉडेलची विक्री आटली. कारणं इतरही होती, पण त्याच सप्टेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. यालाच आजही 'ऑस्बोर्न इफेक्ट' म्हणतात. आपल्यासाठी धडा सोपा आहे. पुढचं मॉडेल नेहमीच येणार असतं. कॉलेज सुरू होत असेल तर दिवाळी सेलची वाट बघत पहिली सेमिस्टर घालवू नका.

पुढची दोन मशीन शेजारीशेजारी ठेवून बघा, मजा येते. १९८२ चं ग्रिड कंपास. शिंपल्यासारखा मिटणारा लॅपटॉप, आज आपण वापरतो तोच आकार. डिझाइन बिल मॉग्रिज यांचं. मॅग्नेशियमची बॉडी, अवकाशयानातून फिरून आलेला, आणि किंमत ८,१५० डॉलर! विद्यार्थ्याने नुसतं लांबून बघायचं.

दुसरं १९८३ चं टीआरएस-८० मॉडेल १००. स्क्रीनवर फक्त ८ ओळी. प्रोसेसर साधा. पण कीबोर्ड पूर्ण आकाराचा, आणि रिमोटमध्ये घालतो तसल्या ४ पेन्सिल सेलवर साधारण २० तास चालायचं. यातल्या सॉफ्टवेअरचा बराच कोड बिल गेट्सने स्वतः लिहिला होता. पत्रकार लोक या मशीनवर जीव टाकायचे. स्टेडियममध्ये, गाडीत, कुठंही बसून बातमी टाइप करायचे. त्या काळातलं सगळ्यात ताकदवान मशीन ते अजिबात नव्हतं. पण कीबोर्ड चांगला आणि बॅटरी दमदार असल्यामुळे ते दिवसभर उघडं राहायचं.

इथपर्यंत वाटेल की स्वस्त आणि हलकं मशीन दिलं की पोरं आपोआप शिकतात. थांबा. हा प्रयोगही होऊन गेलाय. २००५ मध्ये निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी १०० डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली, प्रत्येक मुलाला एक. २००७ मध्ये हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप बाहेर पडला तेव्हा किंमत २०० डॉलरच्या आसपास गेली होती. भारत सरकारने आधीच नकार दिला होता, तरी आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैरात गावच्या छोट्या शाळेत त्याचा प्रयोग झाला. पेरू देशाने तर लाखो एक्सओ घेतले. २०१२ मध्ये तिथल्या ३१९ शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही सर्वसाधारण आकलनाच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला, पण गणित आणि भाषेच्या मार्कांत फरक नाही. म्हणजे नुसतं मशीन हातात देऊन भागत नाही. त्यावर काय करायचं हे सांगणारं कुणीतरी लागतं, आणि बसणारा लागतो.

आता येऊ मामेबहिणीच्या ग्राफिक्स कार्डाकडे. दुकानदार खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय. ग्राफिक्स कार्ड बनलं गेमसाठी. २००७ मध्ये एनव्हिडियाने कुडा आणलं आणि त्याच कार्डावर गणितं करता यायला लागली. २०१२ मध्ये टोरोंटो विद्यापीठात अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केवर आणि जेफ्री हिंटन यांनी अ‍ॅलेक्सनेट हे फोटो ओळखणारं मॉडेल बनवलं. कशावर? दुकानात मिळणाऱ्या दोन गेमिंग कार्डांवर, पाच-सहा दिवस मशीन चालू ठेवून. आजच्या एआयच्या लाटेची मोठी सुरुवात तिथली. तेव्हापासून 'गेमिंग' आणि 'एआय' हे शब्द एकाच स्टिकरवर दिसायला लागले.

पण पहिल्या दोन वर्षांत शिकायचं काय असतं? सी, पायथॉन, जावा, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम. यातल्या कशालाच वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. पुढे मशीन लर्निंगचा विषय आला तर गूगल कोलॅबसारख्या सेवेवर ब्राउझरमधूनच, मर्यादित वेळ का होईना, फुकट कार्ड वापरता येतं. गंमत बघा, १९६४ चं टाइम-शेअरिंगच परत आलं!

आता माझा किस्सा. बारावीनंतर बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढून मला लॅपटॉप घेऊन दिला. एका दुकानदाराने गळ्यात मारलेला. २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, मोठी स्क्रीन, वजन चार्जरसकट ३ किलोच्या वर. रॅम मात्र ४ जीबी, आणि आत फिरणारी जुनी हार्ड डिस्क. चालू व्हायला तीन-चार मिनिटं. बॅटरी दीड तास. परिणाम काय? मी तो कॉलेजला नेणंच सोडलं. लॅबमध्ये मित्र कोड लिहायचे, मी त्यांच्या खांद्यावरून बघायचो आणि रात्री हॉस्टेलवर करू म्हणायचो. ती रात्र बहुतेक वेळा गेममध्ये जायची. दोन सेमिस्टर अशा गेल्या. बाबा हप्ते भरत होते, आणि मी प्रोग्रॅमिंगमध्ये काठावर पास होत होतो.

तिसऱ्या वर्षी एका सीनियरने लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, आणखी ४ जीबी रॅम लावली. मशीन पंधरा सेकंदांत चालू व्हायला लागलं. तोच लॅपटॉप, तोच मी, पण कोड चालवून बघायचा कंटाळा गेला. आज नोकरी करतोय ती त्या दुरुस्तीमुळे, असं मला मनापासून वाटतं.

मात्र आता एक फरक पडलाय. २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला, आठवतंय? त्यात रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली होती. पातळ लॅपटॉपची तीच पद्धत पुढे पसरली. त्यामुळे आज "पुढे वाढवू" म्हणून ८ जीबी घ्यायचे असतील तर आधी विचारा, आत मोकळा स्लॉट आहे का? नसेल तर चार वर्षं तेवढ्यावरच काढायची.

दोन दिवसांनी मामांना फोन लावला आणि हे सांगितलं:

रॅम १६ जीबी. ब्राउझर, कोड एडिटर आणि अँड्रॉइडचा एम्युलेटर एकत्र उघडले की ८ ला धाप लागते. बजेट कमी असेल तर ८ चालेल, पण स्लॉट मोकळा हवा.

एसएसडी ५१२ जीबी.

वजन दीड किलोच्या आसपास. अ‍ॅलन केची अट विसरू नका.

प्रोसेसरच्या नावात शेवटी 'यू' असेल तर तो कमी वीज खातो, बॅटरी टिकते. पण रायझन ७००० मालिकेत तिसरा आकडाही बघा. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन-२, २०१९ ची जुनी रचना. ७५३०यू मध्ये झेन-३. डबा नवीन, आतला माल जुना, असं होऊ शकतं.

आणि दुकानात उभं राहून दहा मिनिटं टाइप करून बघायला सांगा. पुढची चार वर्षं त्याच कीबोर्डवर जाणार आहेत.

मामा म्हणाले, "म्हणजे ब्याण्णवचा नको?"

"नको मामा. या यादीतला त्याहून बराच कमी किमतीत बसतो. उरलेले जपून ठेवा, तिसऱ्या वर्षी बॅटरी बदलावी लागेल."

फोन तिने घेतला. जरा हिरमुसली होती. म्हणाली, "दादा, मैत्रिणीचा गेमिंगवाला आहे. माझा मागं पडला तर?"

मी तिला माझ्या त्या दोन सेमिस्टर सांगितल्या. घरात आजवर कुणालाच सांगितल्या नव्हत्या. ती गप्प झाली, मग म्हणाली, "बरं. पण पहिला प्रोग्रॅम अडला की तुलाच फोन करणार."

कर म्हटलं, रात्री अकरानंतरही चालेल.

तर मंडळी, तुमच्या घरात यंदा कुणी लॅपटॉप घेत असेल तर हा भाग त्यांना पाठवा, पैसे भरायच्या आधी. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि कोडचा बॅकअप घ्या!