मजुरीतली वाइन आणि लेबलवरची आजी

दक्षिण आफ्रिकेतल्या वाइनची जन्मतारीख आपल्याला नेमकी ठाऊक आहे: २ फेब्रुवारी १६५९. डच ईस्ट इंडिया कंपनीचा केपमधला अधिकारी यान फान रीबेक यानं त्या दिवशी रोजनिशीत देवाचे आभार मानून लिहिलं, की केपच्या द्राक्षांपासून आज पहिल्यांदा वाइन गाळली. त्याच्या आदल्या वर्षी, १६५८ मध्ये, दोन जहाजं भरून गुलाम केपला उतरवण्यात आले होते. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की पुढच्या साडेतीनशे वर्षांचं बरंच काही उलगडतं.

गुलाम अंगोला, मादागास्कर, मोझांबिक, इंडोनेशियातून आणले जात, तसे बंगाल, मलबार आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरूनही. केपच्या वाइनला युरोपात नाव मिळवून देणारा कॉन्स्टान्शियाचा मळा १६८५ मध्ये उभा करणारा सिमॉन फान डर स्टेल हा केपचा कारभारी. त्याच्या आईची आई मोनिका ही नोंदींनुसार गोव्याच्या किनाऱ्यावरची, गुलामीतून मुक्त झालेली स्त्री होती. ज्या स्टेलनबॉश गावाला या गृहस्थाचं नाव आहे, त्याच गावातल्या विद्यापीठात विसाव्या शतकात वर्णद्वेषी राजवटीची वैचारिक बैठक घडली. हे गाव पुढे पुन्हा येणार आहे.

केपमधली गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्यानं संपली. ‘उमेदवारी’ या नावाखाली ती आणखी चार वर्षं चालली. त्यानंतर मजूर मळ्यावर टिकवायला मालकांच्या हाती एक जुनंच साधन होतं. त्याचं नाव ‘डॉप’. मजुरीचा काही भाग पैशांत न देता वाइनमध्ये द्यायचा. सकाळपासून दिवसातून अनेकदा मग भरून मिळायचा. वाइन हलकी, बाजारात न खपणारी, म्हणजे मालकाला जवळजवळ फुकट. मजुराला व्यसन लागलं की तो मळा सोडून जात नसे. राहायचं घरही मालकाचंच. १९६० च्या दशकात ही पद्धत बेकायदा ठरली, तरी काही मळ्यांवर ती १९९० च्या दशकापर्यंत चालूच होती. गरोदर आईच्या पिण्यामुळे बाळाच्या मेंदूला आणि वाढीला कायमची इजा होते. अशा मुलांचं प्रमाण जगात सर्वांत जास्त जिथे आढळलं, त्या भागांत वेस्टर्न केपमधली ही द्राक्षांची खोरी येतात.

मळ्यांवरचे हे मजूर बहुतेक ‘कलर्ड’ म्हणून नोंदवलेले, म्हणजे गुलामांचे आणि मूळच्या खोई लोकांचे वंशज. काळ्या आफ्रिकनांसाठी वेगळाच नियम होता. १९२८ च्या मद्य कायद्यानं त्यांना वाइन विकत घ्यायलाच बंदी केली, ती १९६२ मध्ये उठली. एका समाजाच्या गळ्यात वाइन मजुरी म्हणून बांधायची आणि दुसऱ्याला ती विकत घेऊ द्यायची नाही. वाइन चाखून तिच्याबद्दल मत देण्याचा अधिकार मात्र दोघांनाही नाही.

१९९० च्या दशकात ज्यांनी हे दार ढकललं, त्यांच्याकडे या पार्श्वभूमीवर बघायला हवं. कार्मेन स्टीव्हन्सची आई कारखान्यात काम करायची. तिनं घरी आणलेल्या मिल्स अँड बून कादंबऱ्यांमध्ये द्राक्षमळे असायचे. त्या वाचून या मुलीनं ठरवलं, आपण वाइन बनवायची. एल्सेनबर्गच्या कृषी महाविद्यालयानं तिला वेगवेगळी कारणं देऊन परत पाठवलं. ती पुन्हा अर्ज करत राहिली आणि १९९५ मध्ये तिथूनच वाइननिर्मितीचं शिक्षण पुरं करून बाहेर पडली. स्वतःची वाइनरी उभी राहायला मात्र २०१९ साल उजाडलं. पदवीपासून मालकीपर्यंत चोवीस वर्षं गेली.

न्त्सिकी बियेलाची गोष्ट वाइनच्या खोऱ्यांपासून फार दूर, क्वाझुलू-नातालमधल्या महलाबाथिनी या खेड्यात सुरू होते. आजीनं वाढवलेली ही मुलगी शाळा संपल्यावर वर्षभर लोकांच्या घरी घरकाम करत होती. साउथ आफ्रिकन एअरवेजनं काळ्या विद्यार्थ्यांसाठी वाइनशास्त्राची शिष्यवृत्ती काढली, तिनं अर्ज केला आणि तिची निवड झाली. तोवर तिनं वाइन चाखलेलीही नव्हती. पहिला घोट तिला अजिबात आवडला नाही, हे ती स्वतःच सांगते. शिकायला जायचं होतं त्याच स्टेलनबॉशला, आणि वर्गात भाषा आफ्रिकान्स. ती तिला येत नव्हती. मराठी शाळेतून थेट इंजिनिअरिंगच्या वर्गात येऊन बसलेल्या माझ्यासारख्याला त्या पहिल्या सहामाहीची थोडीफार कल्पना येऊ शकते. पण आमच्या वर्गातली भाषा आमच्या माणसांना वेगळं ठेवणाऱ्या राजवटीची नव्हती.

२००३ मध्ये ती पदवीधर झाली आणि २००४ मध्ये स्टेलेकाया या छोट्या वाइनरीत वाइनमेकर म्हणून लागली. तिथल्या तिच्या पहिल्याच रेड वाइनला मायकेलअँजेलो स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं. २००९ मध्ये ती देशातली वर्षातली सर्वोत्तम स्त्री वाइनमेकर ठरली.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटते ती तिची एक साधी तक्रार. वाइनचं वर्णन करायचे शब्द युरोपातल्या स्वयंपाकघरातून आलेले: ट्रफल, गूजबेरी. ज्या मुलीनं ट्रफल कधी पाहिलंच नाही, तिनं वाइनमध्ये ते कसं ओळखावं? तिच्या ओळखीचा वास अमासीचा, म्हणजे घरी आंबवलेल्या दुधाचा. ही आपल्या दह्याची चुलतबहीणच. नाक तेच, शिक्षणही तेच. मग शब्द कुणाचे मोजायचे? हा प्रश्न विचारला गेला आणि चाखण्याचा अधिकार या लोकांकडे खऱ्या अर्थानं आला, असं मला वाटतं. २०१६ मध्ये तिनं स्वतःचा ब्रँड काढला आणि त्याला आजीचं नाव दिलं: अस्लिना.

अशी माणसं एकेकटी राहू नयेत म्हणून काही संस्थांनी वाट बांधली. केप वाइनमेकर्स गिल्डनं २००६ मध्ये सुरू केलेल्या उमेदवारी योजनेत नवे पदवीधर तीन वर्षं नामवंत वाइनमेकरांच्या हाताखाली काम करतात. पदवी वर्गात मिळते, पण पिंप कधी रिकामं करायचं हे तळघरातच शिकावं लागतं. आधीच्या पिढ्यांमध्ये ते बापाकडून मुलाकडे जायचं.

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर २०१२ मध्ये खायच्या द्राक्षांच्या दे दोर्न्स भागात मजुरांचा संप पेटला. तेव्हा शेतमजुराची किमान मजुरी दिवसाला ६९ रँड होती. मागणी १५० ची होती. मार्च २०१३ पासून ती १०५ झाली. बियेला सुवर्णपदकं मिळवत होती, त्याच दशकात तिच्या वाइनरीपासून काही तासांच्या आत लोक रोजच्या भाकरीसाठी रस्ते अडवत होते.

जमिनीचा प्रश्न तर आणखी अवघड. फ्रान्सहूकजवळच्या सोल्म्स-डेल्टा मळ्यावर मेंदूशास्त्रज्ञ मार्क सोल्म्स यांनी मजुरांच्या न्यासाला मालकीत एक तृतीयांश वाटा दिला, गुलामांच्या इतिहासाचं संग्रहालय उभारलं. हेतूबद्दल शंका नाही. तरी धंदा कर्जात गेला आणि २०१८ पर्यंत मळा दिवाळखोरीच्या दारात आला. द्राक्षवेलीला चांगलं पीक द्यायला काही वर्षं लागतात आणि वाइनला मुरायला आणखी काही. तेवढी कळ काढायला भांडवल लागतं. ज्यांच्या आजोबांना पगार मगात मिळाला, त्यांच्याकडे ते येणार कुठून? देशातल्या द्राक्षमळ्यांपैकी अगदी थोडी जमीन आज काळ्या मालकांकडे आहे.

म्हणून पहिली पदवीधर, पहिली वाइनमेकर अशा बातम्या वाचताना मला आनंदाबरोबर हिशेबही आठवतो. शिष्यवृत्ती एका मुलीला तळघरात नेते, पण मजुरी वाढायला संप लागतो आणि जमिनीला भांडवल. यातल्या एकानं दुसऱ्याचं काम होत नाही. मग लेबलवरच्या आजीला काय अर्थ? तिच्या पिढीला या देशात वाइन विकत घ्यायचीही बंदी होती. आज तिचं नाव बाटलीवर छापून परदेशी जातं, आणि ती बाटली विकणारी तिची नात आहे. हिशेब एवढ्यानं फिटत नाही, पण खात्यावर निदान नाव तरी खरं लागलं.