मिरवणुकीतला बेंजो
पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे १८९५ साली विनोबांचा जन्म झाला. आज रायगडातल्या मिरवणुकांत वाजणारा बेंजो तेव्हा जगात कुठेच नव्हता. १९१२ साली जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी तारांवर टंकयंत्रासारख्या कळा बसवून 'ताइशोगोतो' हे वाद्य बनवले. भारतात ते बुलबुलतरंग झाले; आपण त्याला बेंजो म्हणू लागलो.

पण ताशापुढे हा नाजूक आवाज टिकणार कसा? अमेरिकेतील बासवादकांचीही हीच अडचण होती. १९५१ साली लिओ फेंडर यांनी विजेचा बास गिटार आणला. त्यात चुंबकाजवळ पोलादी तार कंप पावते, वेटोळ्यात क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो आणि ॲम्प्लिफायर तो वाढवतो. म्हणजे फॅरेडेचा १८३१ सालचा शोधच!

बेंजोलाही पुढे पिकअप बसला. तो कसा चालतो, हे मुलांनी वादकांनाच विचारावे, असे आम्हाला वाटते. प्रवर्तनाचा धडा त्यानंतर घ्यावा.