सेक्टर 29 मधला पूर्वपक्ष

गुरुग्रामच्या सेक्टर 29 मध्ये ब्रूपब एकमेकांना खेटून उभे आहेत. तिथल्या एखाद्या टेबलावर कुणी पेला नाकाशी नेऊन "लवंगेचा वास येतोय" असं म्हणालं, की बाकीचे हसतात. त्या हसण्यामागे एक पक्का सिद्धान्त असतो: बिअर गार हवी, थोडी चढायला हवी, चव ज्याची त्याची, आणि बिअरची परीक्षा करणं ही वाइनवाल्यांकडून उसनी आणलेली ऐट. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून इकडे आलेल्या मराठी मंडळींतही हाच पक्ष जोरात आहे. पुण्यात 2009 मध्ये डुलाली हे ब्रूपब सुरू झालं, त्याच सुमारास गुरुग्राममध्ये हाउझॅट, रॉकमन्स बिअर आयलंड ही नावं ऐकू येऊ लागली. म्हणजे जागेवरच बनलेली बिअर दोन्ही शहरांना दीड दशकापासून परिचयाची आहे. तिच्याविषयीचं आपलं बोलणं मात्र 'हलकी' आणि 'कडक' यापुढे सरकलेलं नाही.

या पक्षाकडे पुरावा नाही असं कुणी समजू नये. 1964 मध्ये अ‍ॅलिसन आणि उल या अमेरिकी संशोधकांनी नेहमी बिअर पिणाऱ्यांना लेबलं काढलेल्या बाटल्या घरी दिल्या. आपल्याच ब्रँडची शपथ घेणाऱ्यांना तो ओळखता आला नाही. लेबलं लावल्यावर मात्र त्यांनी त्याला भरघोस गुण दिले. 2014 मध्ये बुडवार, हाइनिकेन आणि स्टेला आर्ट्वा या तीन युरोपीय लागरची अशीच नावं झाकून परीक्षा झाली. तिथंही ओळखणाऱ्यांचं यश नशिबाच्या फारसं पुढे गेलं नाही. वाइनकडची साक्ष तर याहून बोचरी. 2001 मध्ये बोर्दोच्या संशोधकांनी पांढऱ्या वाइनमध्ये बिनवासाचा लाल रंग मिसळला, आणि वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी सांगितलं तेच नाकानं मान्य केलं.

पुरावा खरा आहे. त्यावरून काढलेल्या निष्कर्षात अतिव्याप्तीचा दोष आहे. लागरवाल्या प्रयोगांतल्या बिअर एकाच कुळातल्या होत्या: फिकट, नितळ, बेताच्या कडवट, 1842 मध्ये योसेफ ग्रोलनं पिल्सेनला बनवलेल्या बिअरच्या वंशातल्या. मोठे कारखाने कुणालाच खटकू नये म्हणून त्यांची चव मुद्दाम मधोमध आणून ठेवतात. अशा भावंडांतला फरक कळत नाही, म्हणून गव्हाची बिअर आणि स्टाउट यांतलाही कळत नाही, हे कुठल्या न्यायानं? छोट्या पेल्यांचा सॅम्पलर मागवून मित्राच्या डोळ्यांवर रुमाल बांधा. सगळ्या बिअर सारख्याच म्हणणारा तोच मित्र या दोघींना वेगळं काढून दाखवील.

जीभ फसते, हा आक्षेप तर बिअरच्या धंद्यानं फार आधी मनावर घेतला होता. गिनेसच्या नोकरीत असलेल्या विल्यम गॉसेटनं 1908 मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं, थोडक्या नमुन्यांवरून कितपत खात्रीनं बोलता येतं, याचं गणित मांडलं. 1940 च्या दशकात कार्ल्सबर्गमध्ये त्रिकोणी चाचणी आकाराला आली: तीन पेले, दोन सारखे, एक निराळा, निराळा कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजानंही तिनांत एकदा बरोबर येतंच, तेवढं वजा करून मग काय ते बोलायचं. रंग दिशाभूल करतो म्हणून अपारदर्शक पेले, नावं दिशाभूल करतात म्हणून नुसते आकडे. 2014 चा तो प्रयोगही याच त्रिकोणी चाचणीनं केलेला होता. पूर्वपक्षानं पारख करणाऱ्यांवर उपसलेलं हत्यार त्यांच्याच भट्टीत घडलेलं आहे.

उरतो 'ज्याची त्याची आवड' हा मुद्दा. तो खरा आहे, पण इथं गैरलागू. ही बिअर तुम्हाला आवडली का, हे परीक्षक विचारतच नाही. ज्या प्रकारची म्हणून ती समोर ठेवली, तशी ती झाली आहे का, एवढंच तो पाहतो. कटाची आमटी सांबारासारखी लागत नाही म्हणून तिला नापास करणारा माणूस आपली आवड सांगत असतो, आमटीची पारख करत नसतो. 1985 पासून चालत आलेल्या बीजेसीपी या अमेरिकी परीक्षक-संस्थेच्या गुणपत्रिकेत 50 गुण असतात: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5 आणि एकंदर परिणामाला 10. रूपाला फक्त 3, हे इन्स्टाग्रामवर पेला टाकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. गारव्याला आणि चढण्याला स्वतंत्र रकानाच नाही.

आता त्या लवंगेकडे येऊ. इथल्या मेनूवर 'व्हीट बिअर' या एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू खपतात. एक बव्हेरियाची हेफेवायझेन. तिच्यात निदान अर्धा माल्ट गव्हाचा, आणि सगळी करामत यीस्टची. यीस्ट आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तयार करतं, त्याला पिकल्या केळ्याचा वास. आणि 4-व्हिनाइल ग्वायकॉल तयार करतं, ते लवंगेतल्या युजेनॉलचं रसायनातलं जवळचं नातेवाईक. केळं किंवा लवंग कुणी टाकलेली नसते. आंबवण्याचं तापमान वर गेलं की सहसा केळं पुढे येतं. दुसरी बेल्जियमची विटबिअर. हिच्यात माल्ट न केलेला गहू, धणे आणि संत्र्याची साल. हा प्रकार जवळजवळ संपला होता; 1966 मध्ये होगार्डनला पिएर सेलिसनं तो पुन्हा सुरू केला. 2015 मध्ये आलेली बिरा 91 व्हाइट याच घराण्यातली. तेव्हा हेफेवायझेनमध्ये लवंग ओळखणाऱ्यानं ऐट मारलेली नसते, त्यानं मुद्द्याची गोष्ट सांगितलेली असते. हाच लवंगेचा वास पिल्सनरमध्ये आला तर तो दोष, बहुधा नको ते यीस्ट शिरल्याची खूण. गंध तोच, निकाल उलटा. पेल्याच्या काठावर खोचलेली संत्र्याची फोड दोन्हींत घोटाळा करते: फेस बसवते आणि स्वतःचाच वास पुढे रेटते.

ढोंगी पारखी नसतात असं नाही. एका घोटात नऊ फळं आणि लहानपणीचा पाऊस सापडणाऱ्यांना हसावंच.

'गार हवी' याचं मूळ मे महिन्यातल्या गुरुग्राममध्ये समजतं, तिथं वाद नाही. पण दोन-तीन अंशांवर वास द्यायला फारसं काही उडत नाही. एल प्रकारच्या बऱ्याच बिअर 7 ते 10 अंशांच्या आसपास खुलतात. 'काळी म्हणजे कडक' ही समजूतही तशीच: काळीभोर गिनेस ड्राफ्ट 4.2 टक्क्यांची, आणि सोनेरी डुव्हेल 8.5 टक्क्यांची. सगळ्यांत हट्टी समजूत 'इथंच बनते, म्हणजे ताजी, म्हणजे चांगली' ही. हेफेवायझेन ताजीच प्यावी, कबूल. लागरला मात्र थंड टाकीत आठवडेच्या आठवडे मुरावं लागतं. आंबताना डायअसेटिल तयार होतं, त्याला लोण्यासारखा वास असतो. वेळ मिळाला तर यीस्टच ते परत खाऊन टाकतं. शनिवारच्या गर्दीसाठी टाकी घाईनं उघडली, तर ते लोणी पेल्यात येतं आणि गिऱ्हाईक "स्मूद आहे" म्हणून दुसरा पाइंट मागवतं. नळ्या वेळेवर धुतल्या नाहीत तर जीवाणू बिअर आंबवतात, ते वेगळंच.

एक आक्षेप मला खरोखर वजनदार वाटतो: ही मोजमापं विलायती, ती आपल्या जिभेला का लावायची? उत्तर असं, की 'हेफेवायझेन' हे नाव ब्रूपबनं स्वतःच मेनूवर लिहिलेलं असतं. ते लिहिलं की हिशेब त्याच नावानं होणार. नवं नाव लिहायला बंदी नाही. ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यातल्या ब्रुअर मंडळींनी तिथल्या फळांची आंबट बिअर कशी असावी हे नीट ठरवलं, आणि 2018 मध्ये बीजेसीपीनं 'कातारिना सावर' हा प्रकार तात्पुरता म्हणून यादीत घेतला. हरियाणात बाजरी भरपूर पिकते. तिची बिअर करणाऱ्याचं मेनूवर नुसतं 'देसी' लिहून भागणार नाही; ती किती आंबट, किती फेसाळ, कसल्या वासाची, हे त्यानं आधी सांगावं लागेल, आणि पुढच्या टाकीत तशीच उतरवून दाखवावी लागेल.