यवतमाळच्या मुलखातील दुभाषी बालपण

पैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या आश्रयाने वसलेल्या यवतमाळ जिल्ह्याचा इतिहास लिहिणारे बहुधा तहनामे आणि जमाबंदीची दप्तरे चाळतात. आणि ते स्वाभाविकही आहे, कारण 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली आले, 1864 मध्ये या भागाचा निराळा जिल्हा निघून त्यास पुढे वणीचे नाव पडले, आणि 1905 मध्ये वाशीम जिल्हा मोडून पुसद तालुका इकडे जोडला गेला तेव्हा त्याचे यवतमाळ झाले, या साऱ्यांची नोंद सरकारदरबारी यथास्थित झालेली आहे. परंतु या मुलखातील कोलामांच्या पोडांत म्हणजे वस्त्यांत, तांड्यांत आणि गोंडवस्त्यांत जी एक विद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, तिची दखल कोणत्याही पटवाऱ्याने घेतली नाही. ती विद्या म्हणजे शाळेचे तोंड पाहण्यापूर्वीच दोन भाषा बोलू लागणाऱ्या मुलांची.

केळापूर, मारेगाव, झरी या बाजूस कोलाम व गोंड यांची वस्ती. दोघांच्याही भाषा द्राविड कुळातल्या, तरी एकाची दुसऱ्यास आपसूक कळावी इतक्या निकटच्या नव्हेत. पुसद, दिग्रस, दारव्हा या बाजूस बंजाऱ्यांचे तांडे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेण्याचा त्यांचा व्यापार आगगाडी व पक्क्या सडका येताच बसला, ते शेतीकडे वळून स्थिरावले, पण राजस्थानीशी नाते सांगणारी गोरमाटी त्यांच्या चुलीपाशी टिकून राहिली. या सर्वांभोवती वऱ्हाडी मराठी होती, आणि बाजार, मजुरी, कज्जा व महसूल यांचा व्यवहार तिच्यातच चालत असे.

अशा ठिकाणी वाढणारे मूल आजीशी कोलामीत बोलते आणि आईच्या पाठीवरून आठवडी बाजारात गेले की दुकानदाराच्या मराठीकडे कान देते. आरंभी एकाच वाक्यात दोन्हीकडचे शब्द येतात, तेव्हा ऐकणाऱ्यास वाटते की पोराचा गोंधळ झाला. वस्तुतः कोणाशी कोणती भाषा बोलावी याचा विवेक त्यास फार लवकर येतो, आणि तो व्याकरणाने नव्हे, माणसांच्या चेहऱ्यांवरून येतो. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल रोंझा यांनी आपल्या मुलाशी स्वतः फ्रेंच व पत्नीने जर्मन बोलावे असा नेम ठेवून त्याच्या वाढीचे निरीक्षण 1913 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. योगायोग असा की त्याच वर्षी पुसद तालुक्यातील गहुली या गावी, बंजारा समाजात, वसंतराव नाईकांचा जन्म झाला, आणि पुढे 1963 ते 1975 या काळात त्यांनी मराठी राज्याचे मुख्यमंत्रिपद भूषविले.

शाळेने मात्र या सिद्ध विद्येचा उपयोग करून घेतला नाही. पाटीवरची पहिली अक्षरे मराठी, गुरुजींचा पहिला प्रश्न मराठी. सबब ज्या मुलाच्या कानी ती भाषा पुरेशी पडलेली नसे, ते मंदबुद्धीचे ठरून मागल्या रांगेत जाई. निराळी वाट अशक्य होती असेही नाही. पैनगंगेपलीकडे, तेव्हाच्या निजामी आदिलाबादेत, मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने 1943 च्या सुमारास मारलवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्यात आले आणि देवनागरीत छापलेली गोंडी वाचनपुस्तके मुलांच्या हाती पडली. त्याच संस्थानातील अधिकारी व पुढे इतिहासकार म्हणून ख्यातनाम झालेले सेतुमाधवराव पगडी यांनी गोंडी व कोलामी आत्मसात केल्या आणि 1950 मध्ये कोलामीचे व्याकरण प्रसिद्ध केले. 1956 च्या घटनादुरुस्तीने आलेल्या 350-अ या अनुच्छेदानेही भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचे दायित्व राज्यांवर टाकले.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष अप्रिय असला तरी स्पष्ट आहे. दोन भाषा शिकण्याचे ओझे बालबुद्धीस कधीच झाले नाही. अन्याय इतकाच की ते केवळ लहान भाषेच्या मुलाने उचलावे असे मोठ्या भाषेने गृहीत धरले. पोडावरच्या मुलाने मराठी शिकली. पोडावर नेमलेल्या गुरुजींनी कोलामी शिकावी, असा आग्रह क्वचितच कोणी धरला. तो आता धरला पाहिजे, आणि तो मराठी भाषकांनीच धरला पाहिजे.