पडद्यावरचा बॅले आणि कोल्हापूरची नजर

राजारामपुरीतल्या रसिकाची अभिजात बॅलेशी गाठ पडते ती बहुधा पडद्यावरच. मॉस्कोच्या बोल्शॉय रंगगृहातील प्रयोगांचे जगभरच्या चित्रपटगृहांतले प्रक्षेपण २०१० च्या सुमारास सुरू झाले आणि युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये थांबले. मुंबईत ‘एनसीपीए’च्या पडद्यावरही बोल्शॉयचे बॅले दाखवले गेले. ज्याने मूळ प्रयोग रंगगृहात पाहिलेला नाही, त्याच्यापुरते प्रक्षेपण ही प्रतिकृती नसते. तोच बॅले असतो. त्यामुळे कॅमेऱ्याने काय निवडले आणि काय गाळले हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही, तो आस्वादाचा होतो.

‘स्वान लेक’चे उदाहरण घेऊ. १८७७ साली मॉस्कोत प्रथम सादर झालेल्या या बॅलेचे आज रूढ असलेले बहुतेक प्रयोग पेतिपा आणि इव्हानोव्ह यांच्या १८९५ च्या सेंट पीटर्सबर्ग येथील रचनेवर आधारलेले असतात. इव्हानोव्हच्या सरोवरदृश्यांत हंसकन्यांच्या रांगा सरकतात, दुभंगतात, पुन्हा जुळतात. त्या दृश्याचा अर्थ या आकृतिबंधात असतो. कॅमेरा नायिकेच्या चेहऱ्याजवळ जाताच तो आकृतिबंध चौकटीबाहेर पडतो.

आपल्याकडे समीपदृश्याची सवय वेगळ्या कारणाने जडली आहे. कथकातील अभिनयाला ते मानवते. भुवईची हालचालही तेथे बोलते. बॅलेत मात्र पायाच्या बोटांपासून हाताच्या टोकापर्यंतची रेषा अखंड दिसावी लागते. कथकावर जोपासलेल्या नजरेला म्हणूनच येथे थोडे दूर सरावे लागते.

अर्थात, रंगमंचाची चौकट आणि कॅमेऱ्याची चौकट यांच्यातली ही ओढाताण कोल्हापूरला नवी नाही. नाटकांचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर स्वतः कॅमेरा घडवून ‘सैरंध्री’पर्यंत (१९२०) पोचले. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम घडले, आणि १९२९ साली याच शहरात त्यांनी सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ उभारली. पुढे ‘झनक झनक पायल बाजे’मध्ये (१९५५) त्यांनी गोपीकृष्ण यांचे नृत्य रंगीत पडद्यावर आणले. तेथे नृत्य कॅमेऱ्यासाठीच रचलेले होते. प्रक्षेपणात मात्र कॅमेरा रंगमंचासाठी रचलेल्या नृत्यावर आपली निवड लादतो.

हा भेद ओळखण्यासाठी रशियन परंपरेचे पांडित्य लागत नाही. नायिकेचा चेहरा पडदा व्यापतो तेव्हा बाकीच्या हंसकन्या कोठे असतील, एवढे मनाशी विचारले तरी पुरे. चौकट आखणाऱ्यांच्या शहरातल्या प्रेक्षकाने हा प्रश्न विचारायलाच हवा.