चरणाऱ्या कळपांचे गणित

शाकाहारी प्राण्यांची संख्या वाढली की वनस्पतींचे आच्छादन घटणार, हा हिशेब सरळ वाटतो. निसर्गात मात्र तो नेहमीच खरा ठरत नाही. गवताची वाढ, प्राण्यांचे चरणे, पाऊस आणि वणवे हे सारे एकमेकांत गुंतलेले असते. ही गुंतागुंत समीकरणांत मांडून पुढील परिणामांचा अंदाज बांधणे, हे गणिती प्रारूपांचे काम होय.

भक्ष्य आणि भक्षक यांच्या संख्येतील चढउतार दाखवणारी समीकरणे लोट्का आणि व्होल्टेरा यांनी १९२० च्या दशकात मांडली. १९७५ मध्ये इस्रायली शास्त्रज्ञ इम्मानुएल नॉय-मेयर यांनी तोच विचार कुरणांना लावला. गवत विरळ असताना हळू वाढते, मध्यम असताना वेगाने वाढते आणि दाट झाले की त्याची वाढ मंदावते. दुसरीकडे, चारा कितीही मुबलक असला तरी जनावर पोटापेक्षा अधिक खात नाही. या दोन गोष्टी एकत्र मांडल्यावर असे दिसले, की तेवढ्याच जनावरांच्या चरण्याने एखादे कुरण हिरवे राहू शकते, तर एखादे उजाड होऊ शकते. आरंभी गवत किती होते, यावर ते ठरते. कुरण एकदा उजाड झाले, की चार-दोन जनावरे कमी करून ते सावरत नाही.

टांझानियातील सेरेंगेटीचे उदाहरण याहून विलक्षण आहे. १८९० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत गुरांबरोबर आलेल्या बुळकांड्या रोगाने विल्डबीस्ट या कुरंगवर्गीय प्राण्यांचे कळप खिळखिळे केले. १९६० च्या सुमारास त्यांची संख्या जेमतेम अडीच लाख होती. गुरांना लस टोचण्याच्या मोहिमेमुळे वन्य प्राण्यांतील हा रोगही हटला आणि १९७० च्या दशकाअखेर ही संख्या बारा लाखांवर गेली. एवढ्या तोंडांनी गवत फस्त केल्यावर वणव्यांना जळण उरले नाही. आगीतून वाचलेली रोपे मोठी झाली आणि झाडोरा वाढला.

वृक्षवाढीचे श्रेय पावसाला, हत्तींच्या संख्येला, हवेतील कार्बन डायऑक्साइडला की वणवे घटण्याला द्यायचे, हे रिकार्डो होल्डो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रारूपाच्या आधारे तपासले. वणवे घटणे हेच प्रमुख कारण ठरले. पूर्वी कार्बन हवेत सोडणारा हा प्रदेश आता तो साठवू लागला असावा, असाही निष्कर्ष निघाला.

अर्थात एका प्रदेशाचे उत्तर दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. जिथे वणव्यांचा प्रश्नच नाही, तिथे ही साखळी जुळणार नाही. आणि गवताऐवजी झाडांचा पाला व साली खाणाऱ्या हत्तींचा परिणाम नेमका उलटा असतो. त्यामुळे प्रत्यक्ष मोजणीवाचून प्रारूप पोकळच राहते. परंतु कुरणात किती जनावरे सोडावीत, हे कुरण उजाड होण्यापूर्वी ठरवायचे असेल, तर त्याचा आधार घ्यावाच लागतो. बुळकांड्या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. गुरांसाठी टोचलेल्या लशीने जंगलही वाढवले, हा दूरचा संबंध प्रारूपांमुळेच उलगडला.