व्हॉल्व्ह घासण्याचे कुळ

फोर्डची मॉडेल टी गाडी १९०८ साली आली. पुढे तिच्या मालकांसाठी कंपनीने प्रश्नोत्तरांची एक पुस्तिका काढली. इंजिनाचे कंप्रेशन कसे तपासावे, या प्रश्नाला तिथे अगदी साधे उत्तर आहे. पुढचे हँडल हळूहळू वर ओढायचे आणि एकेका सिलिंडरचा दाब हाताला किती जाणवतो ते पाहायचे. ज्या सिलिंडरच्या पाळीला हँडल सहज वर येते, त्याची हवा कुठून तरी निसटते आहे.

ही हवा बहुतेक वेळा निसटे ती व्हॉल्व्हच्या कडेने. छत्रीसारख्या डोक्याचा, बारीक दांड्याचा हा व्हॉल्व्ह मोटारीपेक्षा जुना आहे. अठराव्या शतकात जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनांत त्याचे पूर्वज वर-खाली होत होते. निकोलाउस ओटोने १८७६ साली चार स्ट्रोकचे इंजिन चालवून दाखवले, तेव्हा मिश्रण आत घेण्याचे काम मात्र सरकत्या झडपेकडे होते. वेग वाढला की अशी झडप तापते आणि अडखळते. डाइमलर आणि मायबाख यांनी १८८५ च्या वेगवान इंजिनात छत्रीवाला व्हॉल्व्हच घेतला. आत घेणारा व्हॉल्व्ह तर पिस्टनच्या ओढीनेच उघडे, त्याला ढकलायला काही नव्हते. मधल्या काळात चार्ल्स नाइटने सिलिंडरभोवती सरकणाऱ्या नळ्यांचे इंजिन आणले. ते फार शांत चाले, पण तेल पिई आणि धूर सोडी. छत्री टिकली.

टिकली, पण तिच्यावरचा ताण कमी नव्हता. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पेटत्या वायूत उभा असतो. त्याच्या अंगातली सुमारे तीन-चतुर्थांश उष्णता बाहेर जाते ती सीटवर, म्हणजे त्याच्या बैठकीवर, टेकलेल्या अरुंद कडेतून. तिथे कार्बनचा कण अडकला किंवा व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा टॅपेट यांच्यातली फट फार कमी झाली, की व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्याची उष्णता सीटला जात नाही आणि निसटणारा वायू तीच कड जाळत जातो. म्हणून गळका व्हॉल्व्ह दुर्लक्षाने सुधारत नाही, रोज थोडा अधिक गळतो.

मॉडेल टीने ही दुरुस्ती सामान्य मालकाच्या हातात दिली, आणि त्याचे मोठे श्रेय तिच्या सुट्या सिलिंडर हेडला जाते. तिच्या आधीच्या पुष्कळ इंजिनांत हेड आणि सिलिंडर एकाच ओतीव तुकड्यात असत. फोर्डचे बोल्ट काढले की हेड हातात आणि व्हॉल्व्ह समोर. पुस्तिकेतली कृती वाचताना लिहिणाऱ्याने स्वतः व्हॉल्व्ह घासले असावेत असेच वाटते. काचेची पूड आणि तेलाची पेस्ट घ्यायची, तिच्यात एक-दोन चमचे रॉकेल आणि वंगणाचे काही थेंब घालून ती पातळ करायची, आणि व्हॉल्व्हच्या तिरप्या कडेला अगदी थोडी लावायची. मग पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. थोड्या वेळाने व्हॉल्व्ह उचलून जागा बदलायची आणि पुन्हा तेच. पूर्ण फेरा कधीच द्यायचा नाही, कारण त्याने कडेभर गोल ओरखडे उठतात आणि वायूला अडवणारी कडच खराब होते.

पुढे काचेच्या पुडीची जागा कार्बोरंडमने घेतली. कृत्रिम हिरा करण्याच्या खटपटीत एडवर्ड अॅचेसनला १८९१ साली हा पदार्थ सापडला होता. दांडीच्या टोकाला रबरी वाटी आली. ती व्हॉल्व्हच्या डोक्यावर चिकटवून दोन्ही तळव्यांत रवीसारखी फिरवायची. काम नीट झाले का, हे पेन्सिलीने कळते. कडेवर आडव्या रेघा मारून व्हॉल्व्ह बसवावा आणि किंचित फिरवावा. सगळ्या रेघा मधोमध पुसल्या, तर कड सगळीकडे टेकते आहे. एखादी शाबूत राहिली, तर तिथे फट आहे. एक गोष्ट मात्र अनेकांच्या नजरेतून सुटते. घासल्यावर व्हॉल्व्ह जरा खाली बसतो आणि टॅपेटची फट कमी होते. मॉडेल टीला फट जुळवायचा स्क्रूच नव्हता, त्यामुळे व्हॉल्व्हच्या दांड्याचे टोक कानशीने घासून ती किमान इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढी ठेवावी लागे.

तरीही या कलेतला सर्वांत मोलाचा भाग हेड उघडण्याआधीचा आहे. हँडलवरच्या हाताची जागा कंप्रेशन गेजने घेतली. सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून, सेल्फ मारून आकडे घ्यायचे. एक सिलिंडर कमी दाखवत असेल, तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. आकडा चढला तर रिंगा झिजल्या आहेत, जागेवरच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर. शेजारचे दोन सिलिंडर एकदम पडले असतील, तर आधी हेड गॅस्केट पाहावे. कॉम्प्रेसर असेल तर आणखी नेमके कळते. पिस्टन कंप्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा सोडायची आणि कान लावायचा. कार्ब्युरेटरमध्ये फुसफुस आली तर इनटेक, सायलेन्सरच्या तोंडाशी आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरण्याच्या तोंडाशी आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. हेड उतरवल्यावरही पोर्टमध्ये रॉकेल ओतून ते व्हॉल्व्हच्या कडेने पाझरते का, हे पाहता येते.

घासण्याची पाळी हळूहळू लांबत गेली. सॅम हेरन याने अमेरिकी लष्करासाठी काम करताना पोकळ दांड्यात सोडियम भरलेले व्हॉल्व्ह विकसित केले. आतले वितळलेले सोडियम डोक्याची उष्णता दांड्याकडे नेई. दुसरा बदल इंधनातला. १९२१ साली थॉमस मिजली याला टेट्राएथिल लेडचा गुण कळला, आणि १९२३ पासून शिसेयुक्त पेट्रोल विकले जाऊ लागले. शिशाच्या संयुगांचा पातळ थर सीटवर बसून धातूला धातू चिकटू देत नसे. त्याच शिशाने १९२४ साली न्यू जर्सीच्या कारखान्यात पाच कामगारांचा बळी घेतला, आणि पुढची कित्येक दशके ते शहरांच्या हवेत मिसळत राहिले.

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल आले. ते येणे गरजेचेच होते. पण जुन्या अॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनात सीट बिडाच्या हेडमध्येच कापलेली असे. शिशाचा तो थर गेल्यावर सतत वेगात पळणाऱ्या अशा इंजिनात सीट खचण्याचा धोका वाढला. सीट खचली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आणखी आत सरकतो, टॅपेटची फट मिटते, आणि गळती सुरू होते. यावर मशीन शॉपमध्ये कठीण धातूच्या सीट बसवणे हा पक्का उपाय. कोरड्या सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांनाही हाच त्रास होतो, म्हणून त्यांचे टॅपेट लवकर लवकर तपासावे लागतात. आजच्या पुष्कळ व्हॉल्व्हच्या कडेवर कठीण लेप किंवा पातळ कडक थर असतो. तो पेस्टने घासून काढला तर व्हॉल्व्ह वाया जातो. अशा ठिकाणी सीट मशीनवर कापून घ्यावी आणि व्हॉल्व्ह नवा घालावा.